जरा वाकून दाखव

किशोरवयात कणा बाजूला वळतो, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. ऑपरेशन कसं करायचं हे ठरवता यावं म्हणून शास्त्राने या वळणाचे ४२ प्रकार पाडून ठेवलेत. बेचाळीस! आणि शहापूर-मुरबाडच्या शाळांमध्ये, आश्रमशाळांमध्ये मुलं तपासायला जे सरकारी पथक येतं, त्याच्या यादीत याचा एकही प्रकार नाही. माझं भांडण आहे ते या ४२ आणि शून्याशी.

आधी ४२ बद्दल. १९८३ साली किंग आणि मो वगैरे मंडळींनी छातीमागच्या वळणांचे पाच प्रकार केले होते. तेव्हा हॅरिंग्टनचा स्टीलचा रॉड होता, त्याला ते पुरे होते. पुढे प्रत्येक मणक्यात स्क्रू बसवण्याची सोय झाली, कणा तिन्ही अंगांनी सरळ करता येऊ लागला आणि पाच प्रकार अपुरे पडले. मग २००१ साली लेंके आणि सहकाऱ्यांनी नवं वर्गीकरण दिलं. वळणाचे सहा मूळ प्रकार, त्यात कंबरेच्या भागासाठी ए, बी, सी, शिवाय पाठीच्या बाकासाठी उणे, सामान्य, अधिक. गुणाकार ५४ होतो, पण प्रत्यक्षात संभवतात ते ४२. यासाठी चार एक्स-रे लागतात: उभ्याने समोरून, उभ्याने बाजूने, आणि डावीकडे-उजवीकडे झुकून एकेक. झुकल्यावरही जे वळण २५ अंशांच्या खाली येत नाही ते 'पक्कं', जे येतं ते बहुतेक वेळा 'लवचिक'. पक्की वळणं जोडायची, लवचिक शक्यतो मोकळी सोडायची. म्हणजे मुलीच्या कंबरेचे दोन-तीन मणके हलते राहणार की कायमचे जखडले जाणार, हे यातून ठरतं. ही काही थट्टेची गोष्ट नाही. जगभरचे सर्जन आज हीच भाषा बोलतात आणि त्यांनी ती बोलावीच.

(आता २५ अंशांची रेघ किती पक्की, हा प्रश्न आहेच. कोन मोजायची पद्धत कॉबची, १९४८ सालची. दोन डॉक्टरांनी एकच फिल्म मोजली तर पाचेक अंशांचा फरक सहज पडतो. शिवाय पोरगी किती मनापासून झुकली, तिला तंत्रज्ञाने नीट समजावलं का, हेही त्या २५ मध्ये आलंच. असो.)

माझा मुद्दा वेगळा आहे. हे वर्गीकरण ज्या प्रश्नाचं उत्तर देतं तो प्रश्न असा: कुठून कुठपर्यंत जोडायचं? त्यात मुलीची वाढ किती उरली आहे याला घर नाही, ती मुळात इतक्या उशिरा का आली याला तर नाहीच नाही. दोष लेंकेंचा नव्हे, त्यांनी हे काम अंगावर घेतलंच नव्हतं. पण आपल्याकडे या विषयावरची सगळी हुशारी त्या टेबलाभोवतीच गोळा झालेली दिसते. टेबलापर्यंतच्या रस्त्याचं वर्गीकरण करायला कुणी बसत नाही.

तो रस्ता कसा असतो? ओळखीतली मुरबाड तालुक्यातली एक मुलगी आहे. दहावीच्या निरोप समारंभाला पहिल्यांदा साडी नेसली, तेव्हा मामीच्या लक्षात आलं की निऱ्या काही केल्या सारख्या बसत नाहीत आणि पदर एकाच खांद्यावरून घसरतोय. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने कल्याण, तिथून लोकल, मग मुंबईचं मोठं रुग्णालय. तिथे चारही एक्स-रे झाले, प्रकार ठरला, अक्षरासकट. कोन साठीच्या पुढे आणि हाडांची वाढ संपलेली. डॉक्टरांनी नीट समजावलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण चार वर्षांपूर्वी तिचा कोन काय होता? कुणी पाहिलाच नव्हता, तर कोण सांगणार?

आणि ती चार वर्षंच महत्त्वाची असतात. मुलींची उंची झपाट्याने वाढते त्या काळात, साधारण अकरा ते तेराच्या दरम्यान, वळण पळायला लागतं. तेव्हा ते २५-४० अंशांत सापडलं तर ब्रेस, म्हणजे अंगाच्या मापाचा प्लॅस्टिकचा पट्टा, कामाला येतो. याबद्दल पूर्वी वाद होता. २०१३ साली अमेरिका-कॅनडातल्या २५ केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलं वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिली, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ टक्के. ज्यांनी तो दिवसाला तेरा तासांहून जास्त घातला त्यांच्यात तर यश नव्वदीच्या घरात. पट्टा काही चंद्रावर बनत नाही. मुंबईत हाजीअलीची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून अपंगांच्या पुनर्वसनाचं काम करते आहे. पण वाढ संपली की पट्ट्याचा उपयोगही संपला. मग उरतं ते ऑपरेशन आणि ४२ पैकी एक खाना.

आता शून्याकडे येऊ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, म्हणजे हा कार्यक्रम आपल्याच अंगणात जन्मला. योजना चांगली आहे. पथकात एक पुरुष आणि एक स्त्री डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता. शाळेत वर्षातून एकदा तपासणी. यादीत बरेच आजार: दात, डोळे, कान, रक्तक्षय, हृदय, जन्मतः वाकडे पाय. पाठीचं किशोरवयीन वळण मात्र नाही. पथक दारात आलेलं आहे, मुली रांगेत उभ्या आहेत, महिला डॉक्टर समोर आहे. आणि "जरा वाकून दाखव" एवढं म्हणायचं राहून जातं.

ही चाचणी विल्यम अ‍ॅडम्स या लंडनच्या सर्जनने १८६५ साली सांगितली. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून पुढे वाकायचं आणि मागून बघायचं. एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर संशय. अर्ध्या मिनिटाचं काम, वीज लागत नाही. तो उंचवटा मोजायचं साधन आता मोबाईलमध्येही मिळतं.

यावर जाणकार लगेच सांगतील की अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०१८ साली सरसकट तपासणीच्या बाजूने किंवा विरुद्ध पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं, आणि ब्रिटनमध्येही अशी तपासणी केली जात नाही. खरं आहे. उगाच संशय घेतला तर उगाच एक्स-रे निघतात, घरात घबराट होते, हेही खरं. पण तिथल्या मुलीची पाठ कुणाला ना कुणाला दिसते: फॅमिली डॉक्टरला, पोहण्याच्या तलावावर आईला. आमच्याकडची ठाकर-कातकरी मुलगी जूनमध्ये आश्रमशाळेत जाते आणि दिवाळीची सुट्टी सोडली तर उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहते. आंघोळ अंधारात, घाईत, अंगावर कपडे ठेवून. युनिफॉर्म ढगळ. तिच्या वाढीच्या वर्षांत तिची पाठ तिची आईसुद्धा बघत नाही. 'इतर मार्गांनी कळेलच' हे गृहीत जिथे लागू नाही, तिथे त्यावर उभा असलेला निष्कर्ष आणून चिकटवायचा?

शिवाय इथे वाकडी पाठ म्हणजे दर वेळी कारण न सापडणारं वळणच असेल असं नाही. मणक्याचा क्षय आपल्याकडून गेलेला नाही. दुखणारी पाठ, मध्येच टोकदार कुबड, हे कुणी वेळेवर पाहिलं तर औषधांनी बरं होतं, पाय लुळे पडायचे वाचतात. तीच चाचणी, तेच अर्धं मिनिट.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. पाठ वाकडी दिसली की घरातले म्हणतात, हंडे वाहून वाकली, नाहीतर दप्तराने. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा मुंबईसाठी भरलेले असताना एप्रिल-मेमध्ये पाड्यावरच्या मुली डोक्यावर पाणी आणतात ही लाजिरवाणी गोष्ट आहेच, पण हंड्याने स्कोलिओसिस होतो याला आधार नाही. आईला उगाच गुन्हेगार ठरवू नका, तिला आधीच बरंच काही ऐकावं लागतं. मुलीचं लग्न कसं होणार, इथपर्यंत.

यासाठी नवं पद नको, नवी इमारत नको. शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आश्रमशाळांच्या अधीक्षिकांना अर्ध्या तासात ही चाचणी शिकवावी. पाचवी ते आठवीच्या मुलींची पाठ दर सहा महिन्यांनी, बंद खोलीत, बाईनेच बघावी. पथकाच्या कार्डावर एक ओळ वाढवावी. आणि संशय येईल त्या मुलींना एकाच दिवशी, एकाच गाडीने एक्स-रेला न्यावं आणि संध्याकाळी परत आणून सोडावं. बापाच्या एका दिवसाच्या मजुरीवर ही तपासणी अडता कामा नये. कारण ती अडते, आणि चिठ्ठी घडी घालून पत्र्याच्या पेटीत राहते.