‘जिस्ट’ असे लिहिण्यापूर्वी

दुर्बिणीतून जठर तपासताना गुळगुळीत अस्तराखाली दडलेली गाठ दिसली की आपल्यापैकी बहुतेकांच्या ओठी ‘जिस्ट’ हा एकच शब्द येतो. संख्येच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. जठराच्या भिंतीतील अशा गाठींत जिस्टच सर्वाधिक. तथापि या सवयीपायी एका सौम्य गाठीच्या रुग्णावर कर्करोगाचा शिक्का बसतो. ती गाठ म्हणजे मज्जातंतूच्या आवरणापासून उद्भवणारा श्वॅनोमा. ज्या थिओडोर श्वान यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्यांनीच १८३६ मध्ये जठररसातील पेप्सिन शोधून काढले होते, आणि पचनमार्गातील श्वॅनोमाही सर्वाधिक आढळतो तो जठरातच!

एके काळी नावातील या चुकीची किंमत अल्प होती. चातीच्या आकाराच्या पेशींची प्रत्येक गाठ स्नायूचीच मानली जाई आणि उपचार एकच असे, शस्त्रक्रिया. १९८८ मध्ये जपानी विकृतिशास्त्रज्ञांनी पचनमार्गातील श्वॅनोमाचे वेगळेपण दाखवून दिले, तेही बराच काळ तज्ज्ञांपुरतेच राहिले. १९९८ मध्ये जिस्टमधील ‘किट’ जनुकाचा दोष उघड झाला, २००२ मध्ये अमेरिकेत जिस्टसाठी इमॅटिनिबला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. अधिक धोक्याच्या जिस्टमध्ये शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे हे औषध द्यावे, असे २०१२ पासून आपण मानतो. श्वॅनोमाच्या रुग्णाने तीच गोळी तीन वर्षे घेतली तर त्याच्या पदरी डोळ्यांभोवतीची सूज, मळमळ आणि कर्करोगाचे भय एवढेच पडणार; कारण या गाठीची वाढ ‘किट’वर अवलंबूनच नसते.

प्रतिमांवर विसंबून राहावे, तर त्याही चकवतात. सीटी स्कॅनमध्ये श्वॅनोमा बहुधा एकजिनसी दिसतो, मोठ्या जिस्टमध्ये आढळणारा आतील ऊतिनाश त्यात क्वचितच असतो. हा संकेत उपयुक्त असला तरी निर्णायक नव्हे. शेजारच्या लसिका ग्रंथी फुगलेल्या दिसतात आणि रोग पसरल्याची शंका येते. वस्तुतः ती बहुधा केवळ प्रतिक्रिया असते. पेट स्कॅनमध्येही ही सौम्य गाठ पुष्कळदा ठळकपणे उजळते. एवढ्यावरून संपूर्ण जठर काढण्याची भाषा करणे मला मान्य नाही.

निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच व्हायला हवा. सुईने ओढलेल्या विरळ पेशी पुष्कळदा अपुऱ्या पडतात; शक्य तेथे अंतःश्राव्य सोनोग्राफीच्या साहाय्याने ऊतीचा सलग तुकडा मिळवावा. गाठीच्या कडेने लिंफोसाइट पेशींचे कडे दिसले की श्वॅनोमाची शंका बळावते. एस-१०० व सॉक्स-१० होकारार्थी, सीडी-११७ व डॉग-१ नकारार्थी, ही त्याची ओळख. मात्र एकट्या एस-१०० वर निर्धास्त होऊ नये. इतरत्र उद्भवून आतड्यात उतरलेला मेलॅनोमाही हे दोन्ही होकार देतो, आणि आतड्यातील एक दुर्मीळ घातक मज्जा-बहिस्त्वचीय अर्बुदही तसेच वागते. तेथे पेशींचे रूप, विभाजनाचे प्रमाण आणि एचएमबी-४५ सारख्या चाचण्या पाहाव्याच लागतात.

निदान पक्के झाल्यावर उपचाराबद्दल लिहिण्यासारखे थोडेच उरते. स्वच्छ कडा राखून गाठ पूर्ण काढली की बहुतेक रुग्ण बरे होतात; लसिका ग्रंथींचे विस्तृत उच्छेदन नको, केमोथेरपी नको. गाठ लहान, त्रासरहित आणि निदान निःसंशय असेल, तर केवळ लक्ष ठेवणेही योग्य ठरते.

आपल्यासारख्या मध्यम शहरांत खरी अडचण ज्ञानाची नसून व्यवहाराची आहे. या विशेष चाचण्यांचा खर्च रुग्णाला जड वाटतो आणि आपणही तो टाळण्याकडे झुकतो. त्यापुढील तीन वर्षांच्या औषधाचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. विकृतिशास्त्रज्ञाकडे जाणाऱ्या कागदावर ‘गाठ, जठर’ एवढेच खरडलेले असते. गाठीचे स्थान, आकारमान, त्वचेवर न्यूरोफायब्रोमाटोसिसच्या खुणा आहेत का, यांतले काहीच नसते. (तो त्यावरून मोघम अभिप्राय देतो आणि आपण त्यालाच दोष देतो!) सीडी-११७ वा डॉग-१ चा होकार हाती आल्याखेरीज इमॅटिनिबची चिठ्ठी लिहू नये, असा नियम आपल्या मंडळाच्या सभासदांनी स्वतःस घालून घ्यावा, असे मी सुचवितो. अहवाल संदिग्ध असल्यास पॅराफिनचा ठोकळा आणि काचपट्ट्या रुग्णाच्या स्वाधीन कराव्यात. मुंबईस टाटा मेमोरियलमध्ये दुसरे मत घ्यावयाचे झाले तर तेथे प्रथम त्याच मागतात, आणि त्या नसल्या तर रुग्णाला पुन्हा आपल्या दारी यावे लागते.