आपल्या मातीतल्या कादंबऱ्या

मिरजगावहून पूर्वेला निघालं की जामखेड तालुक्यात चौंडी लागतं, त्याच तालुक्यात खर्डा. एका गावात १७२५ साली अहिल्यादेवी जन्मल्या. दुसऱ्याच्या रानात ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम लढले. आता जिल्ह्यालाच अहिल्यादेवींचं नाव मिळालं आहे. पाट्या बदलल्या, पण त्या नावामागची माणसं आपण वाचली आहेत का? म्हणून हा अंक ऐतिहासिक कादंबऱ्यांचा, आणि शिफारशींचा.

‘स्वामी’, ‘पानिपत’ यांना आमच्या शिफारशीची गरज नाही. आम्ही घराजवळ शोधलं. विजया जहागीरदारांची ‘कर्मयोगिनी’ अहिल्यादेवींना देव्हाऱ्यातून कारभारात आणते. ना. सं. इनामदारांच्या ‘झेप’चे नायक त्र्यंबकजी डेंगळे तर आपल्याच जिल्ह्यातल्या निमगाव जाळीचे. इंग्रजांनी त्यांना खलनायक ठरवलं. इनामदारांनी त्यांना बाजू मांडायला जागा दिली. ती बाजू सगळी पटेलच असं नाही, आम्हालाही पटली नाही. पण कादंबरी कादंबरीसारखीच वाचावी. संवाद लेखकाचे असतात, तह आणि तारखा इतिहासाच्या. त्यांची गल्लत झाली की गावोगाव भांडणं लागतात, हे सांगायला नको.

खर्ड्याच्या लढाईवर, सरदारांपेक्षा तिथल्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांतून लिहिलेली कादंबरी मात्र आम्हाला हवी तशी सापडली नाही. तुम्हाला माहीत असेल तर कळवा. लिहीत असाल, तर पहिलं प्रकरण आमच्याकडेच पाठवा.