रंगीत शाई आणि पुसट अक्षर

फौंटन पेनाचा शौक सुशिक्षित घरांत पुन्हा डोकें वर काढीत आहे, ही आम्हांस आनंदाचीच गोष्ट वाटते. परंतु त्याबरोबर रंगीबेरंगी शाईच्या बाटल्यांचें जें वेड शिरलें आहे, त्याविषयीं चार कडू शब्द बोलणें आम्हांस प्राप्त आहे. रंगाशीं आमचें वैर नाहीं. रंगाच्या मोहांत शाईचें मूळ काम विसरलें जातें, ही आमची तक्रार आहे. तें काम म्हणजे लिहिलेलें टिकविणें.

बोरूच्या काळीं आमच्याकडील शाई काजळ व डिंक यांची होत असे. काजळ म्हणजे कोळसाच. त्यास ऊन फिकें करूं शकत नाहीं. पेशवे दप्तरांतील मोडी कागद आजहि वाचतां येतात, याचें एक कारण हेंच. युरोपांत हिराकस व मायफळ यांची शाई होती. ती कागदावर फिकी उतरे आणि हवा लागून काळी होऊन तंतूंत रुजे. तिच्या आम्लानें कागद व पोलादी निब खाल्ले जात, हा तिचा दोष आम्ही लपवीत नाहीं. फौंटन पेनाच्या केसासारख्या वाटांत काजळाची शाई अडकूं लागली, तेव्हां पाण्यांत पूर्ण विरघळणाऱ्या कृत्रिम रंगांस दिवस आले. १८५६ सालीं अठरा वर्षांच्या पर्किननें क्विनीन करूं जातां जांभळा रंग काढला, त्या घराण्याचे हे वंशज. जें पाण्यांत सहज विरघळतें, तें बहुधा पाण्यानें सहज धुऊनहि जातें. आणि यांतील पुष्कळ रंग उजेडापुढें टिकत नाहींत.

आमच्या वडील बहिणीनें सासरहून लिहिलेलें एक पत्र आम्हीं कौतुकानें चौकटींत बसवून खिडकीसमोर लाविलें होतें. शाई सुरेख जांभळी होती. आज ताई नाहीं, आणि त्या कागदावर निबेच्या ओरखड्यांखेरीज कांहीं उरलें नाहीं. आजोबांचीं काळ्या शाईचीं पत्रें मात्र त्याच भिंतीवर शाबूत आहेत. चूक आमचीहि होती. परंतु बाटलीवर त्याविषयीं एक अक्षरहि नव्हतें.

आणि नेमकें हेंच आमचें भांडण आहे. चित्रकारांच्या चांगल्या रंगनळ्यांवर रंग उजेडांत किती टिकेल याची खूण छापलेली असते. शाईच्या बाटलीवर असतें काय? एक गोड नांव! २००७ सालीं निघालेल्या एका जपानी मालिकेंतील शायांस मोराचीं, पर्वतीय द्राक्षांचीं नांवें आहेत. नांवें सुंदर, रंगहि सुंदर. पण नांव म्हणजे गुण नव्हे. ‘ब्लू-ब्लॅक’ची कथा पाहा. निळें लिहून पुढें काळें होणारी लोहयुक्त शाई, असा त्या नांवाचा अर्थ होता. आज त्या नांवाच्या बहुतेक बाटल्यांत लोह नाहीं. गुण गेला, पाटी राहिली.

कोणी म्हणतील, आतां महत्त्वाचे कागद छापलेले असतात. हातचें पत्र चार दिवसांची हौस. आमचें म्हणणें उलट आहे. हस्ताक्षर दुर्मिळ झालें म्हणूनच जें थोडें लिहिलें जाईल तें राहिलें पाहिजे. ज्या देशांत शाई हा एके काळीं स्वाभिमानाचा प्रश्न होता, जेथें १९३१ सालीं मुंबईंत दांडेकर बंधूंनीं शाईच्या पुड्या व वड्या काढल्या, १९३४ सालीं राजशाहीस मैत्र बंधूंनीं ‘सुलेखा’ सुरू केली, तेथील ग्राहकानें बाटलीच्या गुणाची चौकशीहि करूं नये काय?

उपाय कठीण नाहीं. नवी शाई आणली कीं कागदाच्या पट्टीवर चार ओळी लिहाव्या, अर्धी पट्टी पुठ्ठ्यानें झांकून दोन महिने खिडकींत ठेवावी. दुसऱ्या पट्टीवर पाण्याचा थेंब टाकावा. निकाल डोळ्यांस दिसेल. फौंटन पेनांतून वाहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या टिकाऊ शायाहि आतां मिळतात. त्या वापरणारानें पेन मात्र वरचेवर धुवावें. आणि दुकानदारास दरवेळीं एकच प्रश्न विचारावा: ही उजेडांत व पाण्यांत टिकते काय? शंभर ग्राहकांनीं विचारिलें, तर कारखानदारास तें बाटलीवर छापावेंच लागेल.

मुलांनीं गुलाबी शाईनें खुशाल गिरवावें. परंतु मुलीस लिहावयाचें पत्र, घरची वंशावळ, मृत्युपत्रावरील सही, हीं त्या शाईनें लिहूं नयेत, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.