बर्फाचा ट्रे कुणाच्या हातासाठी?

विषय वाचून हसू आलं ना? आमच्या घरीही आलं. "देशात एवढे प्रश्न पडलेत आणि तू बर्फाच्या ट्रेवर लिहिणार?" इति आमचे हे. मी म्हटलं, देशाच्या प्रश्नांसाठी पहिलं पान आहे, आमच्या पुरवणीला स्वयंपाकघर राहू द्या. शिवाय या क्षुल्लक ट्रेपायी गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातल्या एका माणसाला दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. म्हणून लिहितेय.

जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा चव्वेचाळीसच्या खाली उतरायला तयार नसतो. दुपारी फरशीवर पाणी मारलं तरी पाच मिनिटांत सुकतं. अशा दिवसांत घरात बर्फ हा चैनीचा पदार्थ राहत नाही. पन्हं, सरबत, ताक, कुणाला उन्हाचा त्रास झाला तर डोक्यावर ठेवायला पट्टी, सगळ्याला बर्फ लागतो. आमचा फ्रीज एका दाराचा, साधा. फ्रीजरमध्ये कापसासारखा बर्फ साचतो आणि आठवड्याला बटण दाबून तो वितळवावा लागतो, त्यातला. त्याच्याबरोबर आलेले दोन्ही ट्रे दोन वर्षांत तडकले. मग एका प्रदर्शनात मला काचेसारखे पारदर्शक, निळसर ट्रे दिसले. रंग आवडला, घेतले. सत्तर रुपयांची वस्तू, तिला काय पारखायचं?

ते ट्रे दिसायला देखणे आणि स्वभावाला आडमुठे निघाले. पिळायला जावं तर 'कट्' असा आवाज, आणि बर्फ जागचा हलत नाही. मी आपली ओट्याच्या कडेवर आपटून काम भागवायची. अर्धे खडे भांड्यात, दोन सिंकमध्ये, एक फ्रीजखाली. पण चाललं होतं.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. हाताला संधिवात, सकाळी तर बोटं मिटतच नाहीत. दुपारी तीन वाजता स्वतःला आणि कामाच्या मावशींना लिंबाचं सरबत करायचं, हा त्यांचा नेम. त्या दिवशी मी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. ट्रे फ्रीजरच्या तळाला चिकटून बसला होता. त्यांनी ओढून पाहिला, हलेना. मग सुरीचं टोक खाली घालून उचकटायला गेल्या. 'फुस्स' असा आवाज झाला. त्यांनी दार लावलं आणि कुणाला काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दूध नासलं. आमरस आंबला. मला वाटलं, व्होल्टेज कमी असेल. तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, आत डोकावला आणि म्हणाला, "सुरी कुणी घातली? फ्रीजर पंक्चर झालाय, गॅस गेला सगळा." सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. हे म्हणाले, "आई, एवढं साधं कळत नाही?" आणि मी, रोज वस्तीतल्या बायकांना समजुतीच्या चार गोष्टी सांगणारी मी, म्हटलं, "मला हाक मारायची ना!" घरात नसलेल्या माणसाला हाक कशी मारायची, हे मलाच ठाऊक. बिल झालं साडेतीन हजार. संध्याकाळी त्या रुमालात बांधलेले पैसे घेऊन माझ्याकडे आल्या. पेन्शनमधले होते. "माझ्याकडून नुकसान झालं," म्हणाल्या.

पैसे अर्थातच घेतले नाहीत. पण रात्री सगळे झोपल्यावर मी तो निळा ट्रे काढला आणि फक्त डाव्या हाताच्या दोन बोटांनी पिळून पाहिला. जमला नाही. मला चाळिशीत जमेना, ते त्यांना कसं जमणार होतं? दोष सुरीचा नव्हताच. तो ट्रे मी आणला होता, रंग पाहून.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच आहे. चाळीस हजारांचा फ्रीज घेताना आपण चार दुकानं फिरतो, लिटर मोजतो, चांदण्या मोजतो. त्याच्या पोटातला ट्रे मात्र फुकट आला म्हणून किंवा रंग बरा म्हणून घेतो. आणि तो घेणारा हात एक असतो, रोज त्यातून बर्फ काढणारा हात दुसराच. घरातला सगळ्यात अशक्त हात कुणाचा, आजींचा, शाळेतून आलेल्या नातवाचा की ओल्या हातांनी काम करणाऱ्या मावशींचा, तो ओळखावा आणि ट्रे त्या हातासाठी घ्यावा.

मी मग भांडी बाजारात गेले. दुकानदाराने पंधरावीस ट्रे समोर मांडले. प्रत्येक ट्रे मी दोन बोटांनी पिळून पाहिला. मग त्याच्याकडे पाणी मागितलं, ट्रे भरला आणि एका हाताने धरून दुकानात चार पावलं चालले. दुकानदार म्हणाला, "वहिनी, बर्फाचा ट्रे घेताय की सून बघताय?" मी म्हटलं, "माझ्या सासरच्यांनी मला इतकं निरखून नव्हतं हो बघितलं!"

या फेरीत बऱ्याच गोष्टी कळल्या. टणक, काचेसारखं प्लॅस्टिक बर्फासाठी कामाचं नाही. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. तो ताण, वर आपली पिळापिळ, हे सगळं त्याला सोसत नाही आणि ते तडकतं. तडकलेल्या ट्रेचा बारीक तुकडा बर्फात गेला तर दिसतही नाही. त्यापेक्षा दुधी रंगाचं, थोडं वाकणारं प्लॅस्टिक बरं. ट्रे उलटा करून तळाशी बघा, त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. खाण्याच्या वस्तूंसाठी हे सर्रास वापरतात. रस्त्यावर ढिगाने मिळणारे, नाकाजवळ नेल्यावर वास येणारे ट्रे कितीही स्वस्त असले तरी नकोत.

माझ्या माहेरी अॅल्युमिनियमचा ट्रे होता. मधे जाळी आणि वर एक खटका. खटका ओढला की 'कर्रर्र' आवाज होऊन सगळे खडे एकदम सुटे व्हायचे. आम्हा भावंडांत खटका कुणी ओढायचा यावरून मारामाऱ्या व्हायच्या. धातूत थंडी लवकर पोचते म्हणून बर्फही लवकर जमायचा. पण ओला हात लागला की कातडी त्याला चिकटायची, आणि तो खटका ओढायला मनगटात जोर लागायचा. शिवाय कोकम, लिंबू, चिंच असलं आंबट काही अॅल्युमिनियममध्ये गोठवू नये, धातूवर आंबटाची क्रिया होते. स्टीलचे खटकेवाले ट्रे आता पुन्हा मिळू लागलेत. टिकाऊ आहेत, पण महाग, आणि संधिवाताच्या हाताला तेही नकोच.

राहता राहिला सिलिकॉनचा. दुकानदार त्याला 'रबरवाला' म्हणत होता. रबराचा ट्रे ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतल्या लॉइड कोपमन यांनी तो १९२० च्या दशकाच्या अखेरीला काढला. बुटांना चिकटलेला बर्फ बुटाचं रबर वाकताच सुटून पडतो, हे पाहून त्यांना तो सुचला म्हणतात. सिलिकॉनमधून बर्फ अलगद सुटतो, पण तो ट्रे भरून उचलला की लोळागोळा होतो आणि निम्मं पाणी पायावर. माझी दुकानातली चार पावलं त्यासाठीच होती. पूर्ण मऊ ट्रे घ्यायचाच असेल तर तो ताटलीत ठेवून भरा. दुसरी खोड म्हणजे तो वास धरतो. आमच्या जाऊबाईंच्या फ्रीजरमध्ये सुके बोंबील असतात, त्यांच्याकडचं सरबत मी एकदाच प्यायले.

शेवटी जो घेतला त्याची कड टणक प्लॅस्टिकची आहे आणि खण तेवढे खालून मऊ. वर झाकण. पिळायची गरजच नाही, भांड्यावर उलटा धरायचा आणि तळव्याने दाबायचं. हवा तेवढाच खडा पडतो, बाकीचे जागेवर राहतात. पावणेतीनशे रुपयांना पडला. "एवढ्यात चार आले असते," हे म्हणाले. मी फक्त मेकॅनिकचं बिल काढून टेबलावर ठेवलं. मुलीने बदामाच्या आकाराचा ट्रे मागितला होता. तो घेतला नाही, कोपऱ्याकोपऱ्यांत बर्फ अडकतो. फार गोल, गुळगुळीत खडेही लहान मुलांच्या घरात नकोत, घशात अडकायची भीती असते.

नुसता ट्रे बदलूनही भागत नाही हो. आमचा ट्रे तळाला चिकटला तो भरताना सांडलेल्या पाण्यामुळे. काठोकाठ भरायची आपल्याला हौस, मग पाणी फुगून वरचे सगळे खडे एकमेकांत जुळतात आणि खालचं पाणी फ्रीजरशी. बोटभर नव्हे, पण थोडी जागा वर सोडावी आणि ठेवण्याआधी ट्रेची खालची बाजू कोरड्या फडक्याने पुसावी. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात. तरीही चिकटलाच, तर फ्रीज बंद करून थोडा वेळ थांबावं. सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर यातलं काहीही आत घालू नये. मेकॅनिक म्हणाला, "दर उन्हाळ्यात माझ्याकडे असे चारपाच फ्रीज येतातच." म्हणजे शहरात चारपाच घरांत कुणीतरी बोलणी खात असणार. बहुतेक बाईच.

आमच्या महिला मंडळात मी हा विषय काढला. विचारलं, "बर्फाचा ट्रे शेवटचा कधी घासला होता?" खोलीत पिन पडली तरी ऐकू आली असती. मग एकजण हळूच म्हणाली, "तो घासायचा असतो का?" आपल्याला वाटतं, बर्फात कसले आलेत जंतू, सगळे गारठून मरतात. तसं होत नाही. थंडीने ते निपचित पडतात, बर्फ वितळला की पुन्हा तयार. टायफॉइडचे जंतू, काविळीचे विषाणू बर्फातूनही पोटात जाऊ शकतात. रसवंतीच्या बर्फाकडे आपण संशयाने बघतो, ते बरोबरच आहे. खाण्यालायक नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली त्यात निळा रंग घालणं सक्तीचं केलं होतं. पण घरचं काय? प्यायला गाळलेलं, उकळलेलं पाणी घेणारे आपण ट्रे मात्र थेट नळाखाली धरतो. जे पाणी पितो तेच ट्रेमध्ये, आणि आठवड्यातून एकदा ट्रे साबणाने स्वच्छ, हा नियम मी आता घातलाय. आलं-लसणाची पेस्ट, चिंचेचा कोळ, कैरीचा गर यासाठी ट्रे फार सोयीचा आहे, पण त्यासाठी जुना, वेगळा ट्रे ठेवा. नाहीतर पाहुण्यांच्या सरबताला लसणाची फोडणी!

वस्तीत मात्र मीच शिकून आले. आमच्या गटातल्या एकीकडे जुना, दुसऱ्या हाताचा फ्रीज आहे. आसपासच्या चार घरांचा बर्फ तिच्याकडे जमतो. ट्रे नाहीच. स्टीलच्या वाट्या आहेत, झाकण्या टाकून एकावर एक रचलेल्या. घराघराची वाटी वेगळी, वाटीवर नाव कोरलेलं. वाटी पाण्यात क्षणभर बुडवली की गोळा सुटतो, आणि मोठा गोळा असल्याने बारीक खड्यांपेक्षा कितीतरी वेळ टिकतो. तिचा नवरा हातगाडीवर जातो, त्याच्या पाण्याच्या थर्मासमध्ये एक गोळा दुपारपर्यंत पुरतो. मी तिला नवा ट्रे भेट द्यायला नेला होता. तो पिशवीतून काढलाच नाही. घरी येऊन दोन वाट्या फ्रीजरमध्ये ठेवल्या.

तिथेच एका पोराचा हात चहाने भाजला होता आणि आजी त्यावर बर्फ चोळत होती. भाजलेल्यावर बर्फ कधीही नाही, नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं. मुका मार असेल तर बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून. विषय निघालाय म्हणून सांगून टाकते.

सासूबाईंनी पहिले आठ दिवस नव्या ट्रेला हात लावला नाही. सरबत साध्या पाण्याचंच करायच्या, "मला गार बाधतं" म्हणून. नवव्या दिवशी मी घरी होते तर स्वयंपाकघरातून टप्, टप् असा आवाज आला. बाहेर आल्या त्या तीन पेले घेऊन, एक मावशींचा, एक त्यांचा, एक माझा. "तुझ्यात दोन टाकलेत," म्हणाल्या. ती सुरी अजून आमच्या ट्रॉलीत आहे. तिचं टोक जरासं वाकलंय. तिने त्या आता कैऱ्या चिरतात.