ब्रेक घ्या, पण मीटर बंद करून!

सेमिस्टर संपत आलं की इनबॉक्समध्ये एका ठरावीक मेलची लाट येते. ‘थोडा ब्रेक घेतेय, नव्या रूपात लवकरच भेटू!’ पाठवणारी मंडळी आपल्यातलीच. कुणी सिनेमावर लिहितं, कुणी खाऊगल्ल्यांवर, कुणी शेअर बाजारावर. दर रविवारी न्यूजलेटर पाठवायचं म्हणून हौसेने सुरुवात होते आणि सबमिशन, ओरल्स, इंटर्नशिप एकदम अंगावर आली की पहिला बळी त्या रविवारचा जातो.

यात मला काडीचंही गैर वाटत नाही. मराठीला तर खंड पडण्याची सवयच आहे. साठच्या दशकात ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ अशी लिटल मॅगझिन्स निघाली. त्यांना आपण ‘अनियतकालिकं’ म्हणतो. काय प्रामाणिक शब्द आहे! वेळेवर येईलच असं नाही, हे जातकुळीतच सांगून टाकलेलं. दुसरीकडे १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा बघा. वर्षातून एकदाच येतात, तरी लोक वाट बघतात. म्हणजे दर आठवड्याला दारात उभं राहिलं नाही तर वाचक विसरतील, ही भीती जरा जास्तच आहे.

माझा आक्षेप ब्रेकला नाही, ब्रेकमध्येही सुरू राहणाऱ्या मीटरला आहे.

पूर्वी मासिकाची वर्गणी मनिऑर्डरने जायची. वर्ष संपलं की ‘आपली वर्गणी संपली आहे’ अशी आठवण यायची आणि पुन्हा भरायची की नाही, हे वाचक नव्याने ठरवायचा. ऑटोपेने हे उलटं केलंय. आता काहीच ठरवलं नाही, तर पैसे जातच राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी, आणि ती येतेही. पण ऑफर्स, ओटीपी आणि कॉलेजच्या ग्रुपच्या गदारोळात ९९ रुपयांचा मेसेज वाचतं कोण? १५ हजारांपर्यंतच्या रकमेला तर दर वेळी ओटीपीही लागत नाही. समजा चाळीस जणांनी महिना ९९ भरलेत आणि लेखक दोन महिने गायब आहे. ७,९२० रुपये झाले की! लेखकाची नियत वाईट नसते, बहुतेकदा त्याच्या लक्षातच येत नाही. पण मेसच्या पैशांतून ९९ वाचवणाऱ्याला त्याचं काय?

खरं तर गडबड त्याआधीच सुरू होते. २०१७ मध्ये सबस्टॅक आलं, तेव्हापासून महिन्याची वर्गणी हाच जणू न्यूजलेटरचा नियम झालाय. वर्गणीतले दहा टक्के सबस्टॅकचे, पेमेंटचं शुल्क वेगळं. पैसे महिन्याला येतात म्हणून मजकूरही दर आठवड्याला हवा आणि मग घाण्याचा बैल सुरू. सांगण्यासारखं काही नसलेल्या आठवड्यात ‘मला आवडलेल्या पाच लिंका’ पाठवायच्या. (या पाचांतल्या तीन आपण आधीच इन्स्टावर पाहिलेल्या असतात.) असं न्यूजलेटर नव्या लोगोने आणि कॅनव्हाच्या टेम्प्लेटने ‘रिफ्रेश’ होत नाही. ब्रेकमध्ये विचार करायचाच असेल, तर दर आठवड्याला लिहायचंच कशाला, इथपासून करा.

मारिया पोपोव्हाने २००६ मध्ये सात मित्रमैत्रिणींना मेल पाठवून ‘ब्रेन पिकिंग्ज’ सुरू केलं. पंधरा वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याचं नाव बदलून ‘द मार्जिनेलियन’ केलं. ते आजवर सगळ्यांना मोफत आहे, ज्यांना द्यावंसं वाटतं ते देणगी देतात. आपल्याकडे विद्यार्थी वाचकांच्या देणगीवर घरभाडं निघेल, अशा भ्रमात मी नाही. पण मोफत आणि महिन्याची वर्गणी यांच्या मधली एक वाट आहे: वर्गणी महिन्यांची नको, अंकांची घ्या. २०० रुपयांत दहा अंक. परीक्षा आली, आजारी पडलात, घरी लग्न निघालं, तर अंक थांबतील आणि मोजणीही थांबेल. वाचकाचं काही बुडत नाही, तुमच्या डोक्यावर रविवार नाचत नाही. ‘मग लेखक दहावा अंक तीन वर्षांनी काढेल,’ असं कुणी म्हणेल. म्हणून मुदतही घाला. दीड वर्षात दहा झाले नाहीत, तर उरलेल्यांचे पैसे परत. हिशेबाची कटकट वाढेल हे खरं, पण चाळीस वाचकांसाठी एक स्प्रेडशीट पुरते.

ज्यांना महिन्याचीच पद्धत ठेवायचीय, त्यांनी निदान बिलिंग तरी थांबवावं. सबस्टॅकवर ती सोय आहे आणि काही मिनिटांचं काम आहे. ब्रेकचा मेल पाठवण्याआधी ते करा आणि मेलच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा. थकव्याचं वर्णन नंतर. ‘लवकरच’ऐवजी तारीख टाका. ती हुकणार असं दिसलं, तर आदल्या दिवशी दोन ओळींचा मेल पुरे.

वाचकांनो, तुम्हीही यूपीआय अ‍ॅपमधलं ‘ऑटोपे’ एकदा उघडून बघा. चालू मँडेट्सची यादी तिथेच असते आणि ती थांबवायची किंवा रद्द करायची बटणंही. मात्र आवडत्या लेखिकेचं रद्द करणार असाल, तर का केलंत ते तिला कळवा. गुपचूप गेलेल्या वाचकाकडून तिला काहीच कळत नाही.