७७७ : आओ जाओ घर तुम्हारा!

फेस्टची वेबसाइट उद्या लाइव्ह जाणार असते आणि सर्व्हर अडून बसतो, 'परमिशन डिनाइड'. मग ग्रुपवर कुणीतरी सीनिअर सांगतो, "सीएचमॉड ७७७ मार, चालेल." आणि चालतंही! म्हणून तर हा जुगाड एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातो.

पण ७७७ म्हणजे काय, हे कितीजणांना माहितीय? लिनक्स प्रत्येक फोल्डरसाठी तीन प्रकारची माणसं मानतं : मालक, ग्रुप आणि बाकीचे सगळे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, आत शिरण्याचा १. बेरीज ७. तीनदा ७ म्हणजे सर्व्हरवर लॉगिन असलेल्या कुणालाही सगळं मोकळं. गंमत म्हणजे फाइल डिलीट करता येईल का, हे फाइलच्या नाही, तर फोल्डरच्या परमिशनवर ठरतं. म्हणजे फाइलला कुलूप लावलं तरी मोकळ्या फोल्डरमधून ती उडवता येते.

"आपल्या छोट्या साइटमध्ये कुणाला इंटरेस्ट?" असं म्हणाल. पण उघडी साइट शोधणारे बॉट्स लहान-मोठं बघत नाहीत. आणि त्या फोल्डरमध्ये फक्त पोस्टर नसतं. डेटाबेसचा पासवर्ड असतो, रजिस्ट्रेशन केलेल्यांची नावं आणि मोबाइल नंबर असतात. विश्वासानं दिलेले!

उपाय अवघड नाही. टीमचा एक ग्रुप करायचा आणि फोल्डरला २७७५ द्यायचं. पुढच्या २ मुळे आत बनणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते. युमास्क ००२ ठेवला की ती फाइल टीममधल्या सगळ्यांना एडिट करता येते. पासवर्डच्या फाइलचा ग्रुप वेब सर्व्हरचा ठेवून तिला ६४० दिलं, की बाकीच्यांना दार बंद.

मात्र ग्रुप बनवायला ॲडमिनचेच हक्क लागतात. त्यामुळे सगळा दोष मुलांच्या माथी मारून चालणार नाही. अख्ख्या वर्गाला एकच लॉगिन देणाऱ्या लॅबनं प्रत्येक टीमला स्वतंत्र ग्रुप द्यावा, पासआउट झालेल्यांना त्यातून काढावं. आणि आपण? ७७७ टाइप करण्याआधी एकच प्रश्न विचारूया : हे दार नक्की कुणासाठी उघडायचंय? नाहीतर बैल गेला अन् झोपा केला, हे ठरलेलंच!