मोटरच्या ताकदीबरोबर विजेचा खर्चही छापा

मा. संचालक,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुणे



विजेवरची गाडी घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये हमखास विचारतो: जास्त ताकदीची मोटर घेतली तर बॅटरी लवकर संपेल का? ही भीती पेट्रोलच्या गाडीने लावलेली. मोठं इंजिन कमी भारावर चालताना इंधन वाया घालवतं, विजेच्या मोटरचं तसं नाही. सपाट रस्त्यावर ताशी ८० चा वेग टिकवायला मध्यम आकाराच्या गाडीला साधारण १० किलोवॅट पुरतात. मग मोटर १०० किलोवॅटची असो की १७० ची, तेवढ्याने खर्च फारसा बदलत नाही.

खर्च वाढतो तो ताकदीसोबत येणाऱ्या लवाजम्याने: दुसरी मोटर, वाढलेलं वजन, रुंद टायर. अमेरिकेत २०२२ च्या ह्युंदाई आयोनिक ५ च्या दोन प्रकारांत बॅटरी एकच होती, ७७.४ किलोवॅट-तासांची. एका मोटरच्या १६८ किलोवॅटच्या गाडीला तिथल्या सरकारी मानांकनात ३०३ मैलांचा पल्ला मिळाला, दोन मोटरच्या २३९ किलोवॅटच्या गाडीला २५६. सुमारे १५ टक्क्यांची ही घट नुसती ताकद वाचून कुणाला कळणार?

आपल्याकडे मोजमापांची वाण नाही. एआयएस-०३९ हे मानक वीजखर्च मोजतं, ०४० पल्ला आणि ०४१ ताकद. तीही सलग ३० मिनिटं टिकणारी वेगळी. जाहिरातीत मात्र झळकतात पल्ला आणि काही क्षणांची कमाल ताकद. त्यात पल्ल्याच्या चाचणीचा वेग ताशी ९० च्या वर जात नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे आणि त्या वेगाला हवेचा विरोध ९० च्या पावणेदोन पट होतो. नागपूरहून निघालेल्या कुटुंबाने कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवायचा?

म्हणून आग्रहाची विनंती: प्रत्येक गाडीच्या प्रत्येक प्रकाराला १०० किलोमीटरला किती युनिट लागतात, ते शहरातलं वेगळं आणि ताशी १०० च्या स्थिर वेगाचं वेगळं, असं जाहीर व्हावं. शेजारी ३० मिनिटांची ताकदही असावी. नियम रस्ते वाहतूक मंत्रालय करतं, हे खरं. पण एआयएस मानकांच्या समितीचं सचिवालय आपल्याकडे आहे. तिच्या पुढच्या बैठकीत हा प्रस्ताव आपण मांडावा.

आपली,
विजेच्या गाडीची एक ग्राहक